फादर थॉमस स्टीफन्स : धर्माचे एक विद्यार्थी

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवी अंकात साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी इंग्लंडात जन्मलेल्या व गोव्यात कालवश झालेल्या एका येशूसंघीय धर्मगुरूचे चरित्र का द्यावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे कारण आपल्याच घरात आहे. नांदेड व लातूर येथील महाविद्यालयांतून आपली मुलेमुली विज्ञान, वाणिज्य व वैद्यक ह्यांच्या पाठीमागे रात्रंदिवस लागलेली असतात. लातूरच्या शिकवणी वर्गांची कीर्ती तर सर्व महाराष्ट्रभर पसरली आहे. ह्या सर्व धावपळीत धर्मशिक्षण दृढीकरण संस्काराच्या दिवशीच संपते. नव्या शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाच्या जोडीस एक गौण विषय निवडण्याची सोय केली, तेव्हा धर्म हा विषय घ्यावा असे कोणाच्या मनातही येत नाही. परदेशांतील पुष्कळ कॅथॉलिक विद्यापीठांत हिशेबनीस किंवा इंजिनियर होऊ इच्छिणारा तरुणही धर्मशास्त्राचा गौण अभ्यास करितो व त्यात कोणास नवल वाटत नाही. धर्माचा अभ्यास फक्त धर्मगुरूंनीच करावयाचा की प्रापंचिकानेही, हा प्रश्न आपल्या मराठी भाषेत फार जुना आहे, आणि त्यास उत्तर म्हणून जो ग्रंथ जन्मास आला त्याचे कर्ते हे आमचे चरित्रनायक होत.

थॉमस स्टीफन्स ह्यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात बुश्टन ह्या खेड्यात झाला. वडील व्यापारी होते. मुलाचे शिक्षण विंचेस्टर येथील नामांकित विद्यालयात झाले. त्या वेळी इंग्लंडच्या गादीवर एलिझाबेथ राणी होती आणि कॅथॉलिक धर्म उघडपणे पाळणे म्हणजे दंड, तुरुंग व प्रसंगी मृत्यू ओढवून घेणे होते. थॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत गृहस्थाशी स्टीफन्स ह्यांचा स्नेह जडला. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करावयाचे ठरविले. कोणास संशय येऊ नये म्हणून स्टीफन्स हे पाउंड ह्यांचे नोकर म्हणून वावरत असत. परंतु प्रयाणाच्या आधीच पाउंड पकडले गेले व पुढील सुमारे तीस वर्षे त्यांनी निरनिराळ्या तुरुंगांत काढली. स्टीफन्स एकटेच निघाले. दि. २० ऑक्टोबर १५७५ रोजी त्यांस रोम येथे येशूसंघात प्रवेश मिळाला. मित्राचा मात्र त्यांस विसर पडला नाही. पाउंड ह्यांस तुरुंगातच संघाचे सभासद करून घ्यावे म्हणून त्यांनी वरिष्ठांकडे खटपट केली व ती सफळ झाली.

रोममध्ये त्यांचे अध्ययन रोमन कॉलेजात झाले. संत इग्नाती लोयोला ह्यांनी १५५१ साली स्थापिलेले हे विद्यालय आज ग्रेगोरियन विद्यापीठ ह्या नावाने ओळखले जाते. त्या काळी तेथे क्लाव्हियस हे गणित शिकवीत (आपल्या भिंतीवरील दिनदर्शिका ज्या १५८२ च्या सुधारणेवरून चालते, त्या सुधारणेत ह्यांचा मोठा हात होता), आणि १५७६ पासून संत रॉबर्ट बेलार्मिन धर्मविषयक वादांचे व्याख्यान देऊ लागले. एकाच छपराखाली ताऱ्यांचे गणित आणि देवाचे शास्त्र चालत असे, आणि ह्यात कोणास विसंगती दिसत नसे.

लिस्बन बंदरातून दि. ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी गलबतावर पाऊल ठेविले व दि. २४ ऑक्टोबर रोजी ते गोव्यास उतरले. पोहोचल्यावर तीन आठवड्यांच्या आतच त्यांनी वडिलांस प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. ते पत्र पुढे इंग्लंडात छापले गेले. हिंदुस्थानात येऊन राहिलेल्या ज्या इंग्रजाची निश्चित माहिती मिळते असे बहुधा हेच पहिले.

गोव्यात राहिलेला अभ्यास पुरा करून ते धर्मगुरू झाले व त्यांची नेमणूक गोव्याच्या दक्षिणेकडील साष्टी प्रांतात झाली. ह्यानंतरचे जवळजवळ सर्व आयुष्य, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, त्यांनी त्याच मुलखात वेचिली. तो काळ सुखाचा नव्हता, आणि येथे काही झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. पोर्तुगीज सरकारने साष्टीतील देवळे १५६७ साली पाडिली होती. लोकांच्या घरांतील जुन्या पोथ्याही जप्त होत असत. १५८३ सालच्या जुलै महिन्यात कुंकळ्ळी येथे फादर रुदोल्फ अक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती लोकांच्या हातून मारले गेले. हे अक्वाविवा नुकतेच अकबर बादशहाच्या दरबारातून परतले होते. त्यांचे देह मिळवून त्यांस मूठमाती देण्याच्या कामी फादर स्टीफन्स ह्यांनी पुढाकार घेतला. पुढे सरकारने गावच्या पुढाऱ्यांस असोळणे येथील किल्ल्यात बोलावून विश्वासघाताने ठार केले. ज्या भूमीत दोन्हीकडचे रक्त असे सांडले होते, त्या भूमीत त्यांस राहावयाचे व शिकवावयाचे होते.

त्यांनी निवडलेला मार्ग अभ्यासाचा होता. धर्मशास्त्राचा अभ्यास त्यांनी केला होताच, पण ते पुन्हा विद्यार्थी झाले. बोलीची कोकणी आणि पोथ्यांची मराठी ह्या दोन्ही भाषा त्यांनी मुळापासून आत्मसात केल्या. १५८३ सालीच आपले बंधू रिचर्ड ह्यांस लिहिलेल्या पत्रात, येथील भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिन ह्यांच्याशी जुळते हे त्यांनी नोंदविले आहे. पुढे दोनशे वर्षांनी, १७८६ साली, सर विल्यम जोन्स ह्यांनी संस्कृतविषयी तेच म्हटले तेव्हा जगाने कान टवकारले. कोकणीचे व्याकरणही त्यांनी रचिले. ते त्यांच्या पश्चात १६४० साली रायतूर येथे छापले गेले.

भाषा शिकता शिकता त्यांनी ह्या लोकांची धर्मवाङ्मयाची रीतही न्याहाळली. पोथी लावणे, ओवी गाणे, श्रोत्याने प्रश्न विचारावा व गुरूने कथेच्या ओघात उत्तर द्यावे, ही ती रीत होय. ओवीचे माहेर आपल्या मुलखापासून लांब नाही. ज्ञानेश्वरांचे आपेगाव गोदावरीच्या काठी, आणि तीच गोदावरी पुढे नांदेडवरून वाहते. स्टीफन्स साष्टीत असता पैठणास एकनाथ आणि लातूरपासून जवळच असलेल्या अंबाजोगाईस दासोपंत ओव्या रचीत होते. हे एकमेकांस ओळखत होते असे कोणीही म्हणू नये, परंतु एकच छंद तेव्हा मराठी मुलखाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत घुमत होता.

ह्या सर्व अभ्यासाचे फळ म्हणजे १६१६ साली रायतूर येथे रोमी लिपीत छापलेले क्रिस्तपुराण. त्याचे पहिले पुराण ३६ व दुसरे ५९ अवस्वरांचे असून एकंदर ओव्या १०,९६२ आहेत. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहण्यापर्यंतची कथा आहे, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र आहे. मराठीच्या थोरवीविषयीच्या त्यातील ओव्या पुष्कळांस पाठ असतात. आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो ग्रंथाचा आरंभ. साष्टीतील एका चर्चमध्ये रविवारी दुपारी पाद्री गुरू मुलांस धर्मशिक्षण देत आहेत. तेथे एक ब्राह्मण येऊन विचारितो की ही शिकवण चांगली खरी, परंतु आमची जुनी पुराणे तर बंद झाली, मग त्यांच्या जागी आम्हांस वाचावयास दुसरे एखादे पुराण का देत नाही? त्याचे म्हणणे एवढेच आहे की प्रश्नोत्तरांची लहान पोथी मुलांस पुरेल, पण ज्याचे केस पिकले आहेत त्याच्या बुद्धीस ती पुरत नाही.

फादर स्टीफन्स ह्यांनी ह्या प्रश्नास उर्मट म्हणून झिडकारिले नाही. त्यांनी तो आपल्या ग्रंथाच्या दारातच बसविला आणि पुढील दहा हजारांहून अधिक ओव्या हे त्याचेच उत्तर आहे. श्रोते मध्येमध्ये शंका काढितात व गुरू त्या फेडीत जातो. जुनी शुद्ध मराठी सामान्यांस कळणार नाही म्हणून तीत सोप्या बोलीचे मिश्रण केल्याचेही त्यांनी स्वतःच सांगितले आहे. स्वर्गास ते वैकुंठ म्हणतात आणि पाद्री, क्रिस्ताव हे नवे शब्दही निःसंकोच योजितात. शब्द कोठून आला ह्यापेक्षा तो ऐकणाऱ्याच्या अंतःकरणात कसा उतरेल, ह्याकडे त्यांचे लक्ष अधिक. काहींस ही मिसळ खटकते. आम्हांस मात्र ती गोड वाटते.

फादर स्टीफन्स १६१९ साली गोव्यात प्रभूचरणी लीन झाले. त्यांनी प्रश्नोत्तररूपाने लिहिलेले कोकणी धर्मशिक्षणाचे पुस्तक १६२२ साली छापले गेले. क्रिस्तपुराणाच्या १६४९ व १६५४ साली आणखी आवृत्त्या निघाल्या, परंतु पहिल्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज कोठे असल्याचे ज्ञात नाही. ग्रंथ जगला तो हातांनी उतरवून घेतलेल्या प्रतींवर. चर्चमध्ये व घरोघरी गाणाऱ्या, बहुधा शेती व चाकरी करणाऱ्या प्रापंचिकांनीच तो राखिला. अशा प्रतींवरून जोसेफ सालढाणा ह्यांनी १९०७ साली मंगळूर येथे तो रोमी लिपीत पुन्हा छापविला. देवनागरी अक्षरांतील एक जुने हस्तलिखित लंडन येथील ग्रंथसंग्रहात सापडले, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू ह्यांनी पुण्यात संपूर्ण पुराण देवनागरीत प्रसिद्ध केले. तेव्हापासून नांदेडच्या किंवा लातूरच्या कोणाही वाचकास, मग तो दवाखान्यात काम करो की महाविद्यालयात हिशेब शिको, तो आपल्या शाळेत शिकलेल्या अक्षरांत वाचता येतो.