भूगर्भातील ठेव्याचे राखणदार : कै. रावबहादूर काशीनाथ नारायण दीक्षित

स्मरणिकेतून दरवर्षी एका थोर पुरुषाचे अल्पचरित्र ज्ञातिबंधु-भगिनींना सादर करावे, असा परिपाठ आहे. मोहेंजोदडो येथे सापडलेल्या 'पुरोहित-राजा'च्या पाषाणमूर्तीचे चित्र शाळकरी मुलांनीही पाहिलेले असते. ती मूर्ती ज्यांच्या देखरेखीखाली मातीतून बाहेर आली, त्या महाराष्ट्रीय विद्वानाचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून यंदा आम्ही कै. रावबहादूर काशीनाथ नारायण दीक्षित यांचे स्मरण करीत आहोत.

दीक्षितांचा जन्म १८८९ सालचा. संस्कृत विद्येचे अध्ययन करून ते सरकारच्या पुराणवस्तुसंशोधन खात्यात शिरले. प्राचीन अवशेषांची तोवर किती हेळसांड झाली होती, हे सांगण्यास हडप्पाचे एकच उदाहरण पुरे आहे. लाहोर-मुलतान लोहमार्ग बांधताना ठेकेदारांनी तेथील टेकाडांतून हजारो वर्षांपूर्वीच्या विटा उपसल्या आणि सुमारे शंभर मैल मार्गाखाली खडीसारख्या पसरल्या. १९०४ साली प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा झाला खरा. परंतु कायद्यास हातपाय लागतात, ते त्यासाठी झिजणाऱ्या माणसांचेच.

मोहेंजोदडोचे प्राचीनत्व राखालदास बॅनर्जी यांनी १९२२ साली ओळखले आणि १९२४ साली सर जॉन मार्शल यांनी ते जगापुढे मांडले. त्या वर्षीच्या हिवाळ्यात तेथील उत्खननाची धुरा दीक्षितांकडे आली. त्यांनी खणलेल्या भागास त्यांच्याच नावाची इंग्रजी आद्याक्षरे मिळून 'डीके' ही संज्ञा पडली. सापडलेल्या वस्तूवर ही अक्षरे व क्रमांक घालावयाचा, आणि ती कोठे व किती खोलीवर मिळाली याची नोंद करावयाची, अशी तेथील पद्धत होती. १९२५-२६ च्या हंगामात सापडलेल्या, जेमतेम साडेसतरा सेंटिमीटर उंचीच्या पुरोहित-राजाचा क्रमांक डीके १९०९ असा आहे. हीच मूर्ती कोणी गुपचूप उचलून बाजारात विकली असती, तर ती कोणत्या काळची आणि कोणत्या नगरातील, हे आज कोणास सांगता आले असते? नोंद हीच वस्तूची वाचा होय.

परंतु दीक्षितांच्या चिकाटीची खरी कसोटी लागली ती बंगालमधील पहाडपूर येथे. १८७९ साली जनरल कनिंगहॅम तेथील टेकाड खणावयास गेले, तेव्हा जमीनदाराने त्यांना अडविले व त्यांचे काम अर्धवट राहिले. १९१९ साली ती जागा संरक्षित ठरली, मग तेथे रीतसर उत्खनन होऊ शकले. बॅनर्जींच्या मागून १९२६-२७ पासून दीक्षितांनी ते हाती घेतले आणि मध्यंतरीचा काही काळ वगळता १९३३-३४ पर्यंत चालविले. टेकाडाच्या पोटातून राजा धर्मपालाचा सोमपुर महाविहार प्रकट झाला : चौफेर १७७ कोठड्या, मध्ये क्रूसाच्या आकाराचे उत्तुंग मंदिर, पायथ्याशी ६३ पाषाणशिल्पे आणि भिंतींवर सुमारे दोन हजार मृत्तिकाफलक. दीक्षितांनी या सर्वांचा तपशीलवार वृत्तांत लिहून १९३८ साली प्रसिद्ध केला.

येथेच त्यांना गुप्त संवत् १५९ चा, म्हणजे इ. स. ४७९ चा एक ताम्रपट मिळाला. नाथशर्मा नावाच्या ब्राह्मणाने व त्याची पत्नी रामी हिने सरकारात तीन दीनार भरून पडीक जमीन विकत घेतली आणि ती वटगोहाली येथील जैन विहारास अर्पण केली, असे त्यात नमूद आहे. विक्रीपूर्वी दप्तरदारांनी आपली दप्तरे तपासली, हेही त्यात आहे. सरकारी जमिनीची नोंद दीड हजार वर्षांपूर्वी किती दक्षतेने ठेवीत, याचा हा पुरावा ! तो पुढे वाचून प्रसिद्ध करणारा पुरुषही तितकाच दक्ष होता, हा योग आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो.

१९३७ ते १९४४ या काळात दीक्षित खात्याचे सरसंचालक होते. त्यातील पुष्कळसा काळ महायुद्धाच्या ओढाताणीत गेला. तरीही अहिच्छत्र येथे त्यांनी १९४० पासून उत्खनन चालविले. त्यांच्या पिढीच्या पद्धतीवर पुढे सर मॉर्टिमर व्हीलर यांनी कठोर टीका केली. मातीचे नैसर्गिक थर न पाहता केवळ खोली मोजली, हा तीतील मुख्य आक्षेप होता आणि तो निराधार नव्हता. चरित्र लिहिताना उणीव झाकणे आम्हांस उचित वाटत नाही. परंतु नंतरच्या विद्वानांना जुन्या कामातील दोष दाखविता आले, तेही त्या कामाच्या नोंदी शाबूत होत्या म्हणूनच.

१९४६ साली दीक्षित निवर्तले. पुढच्याच वर्षी देशाची फाळणी झाली. मोहेंजोदडो पाकिस्तानात गेले. पहाडपूर आज बांगलादेशात आहे. पुरोहित-राजाही कराचीच्या संग्रहालयात आहे. राज्यांच्या सीमा बदलल्या, तरी त्या मूर्तीवरील क्रमांकातील एका मराठी गृहस्थाची आद्याक्षरे पुसली गेली नाहीत. याहून चिरंतन स्मारक ते कोणते?

या चरित्रातून आपण काय घ्यावे? आपल्यापैकी पुष्कळांची गावे जुन्या गढ्या, लेणी व वीरगळ यांच्या सान्निध्यात आहेत. गावच्या गायरानात वा सरकारी पडीक जमिनीत एखादी मूर्ती, नाणे अथवा कोरीव शिळा आढळल्यास ती घरी आणून देव्हाऱ्यात बसवू नये आणि शेंदूरही फासू नये. ती जागच्या जागी राहू द्यावी, छायाचित्र घ्यावे, ठिकाण व दिनांक लिहून ठेवावा आणि तहसील कचेरीस अथवा पुरातत्त्व खात्यास कळवावे. भूमिगत ठेवा सापडल्यास तो जिल्हाधिकाऱ्यांस कळविण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने घातलेच आहे. परंतु कायद्याच्या धाकापेक्षा वारशाविषयीचा जिव्हाळा आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. आमच्या तरुण पिढीतून एक जरी असा दक्ष नोंदकार निपजला, तरी या स्मरणाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.