तंबाखूचा माग काढणारे डॉ. खानोलकर

कर्करोग हा पाश्चात्त्य, सुखवस्तू समाजांचा रोग असून भारतात तो विरळाच, अशी समजूत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वैद्यकवर्तुळातही रूढ होती. ती खोडून काढण्यात आणि येथील कर्करोगाचे धागे तंबाखूच्या सवयींपर्यंत नेऊन पोचविण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

मूळच्या गोमंतकीय कुटुंबात १३ एप्रिल १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी मिळवून ते परतले आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात व पुढे सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी अध्यापन केले. १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

सूक्ष्मदर्शकाखालील ऊतीचा काप पाहून निदान लिहिणे, एवढ्यावर ते थांबले नाहीत. हा रुग्ण काय खातो, काय ओढतो, तंबाखूची गोळी तोंडात कोठे धरतो, हेही त्यांनी विचारले. मुंबईतील मुखकर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा त्यांचा आढावा १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. पेटते टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांना टाळूचा कर्करोग होतो, हेही त्यांनी नोंदविले. डॉ. संघवी व डॉ. राव यांच्यासह १९५५ मध्ये लिहिलेल्या निबंधात तंबाखू चघळणे व ओढणे यांचे परिणाम मुखात आणि घशात निरनिराळ्या जागी कसे दिसतात, हे त्यांनी दाखवून दिले.

मात्र माणसांच्या नोंदींतून संबंध दिसतो. कार्यकारणाची खातरजमा करण्यास प्रयोग लागतो. १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक म्हणून खानोलकरांनी प्राण्यांवरील संशोधनाला पाठबळ दिले. पुण्यात जन्मलेल्या त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे यांनी तेथे ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि उंदरांवर कर्करोगाचा दीर्घ अभ्यास केला.

पद्मभूषण, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद, १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद असे सन्मान त्यांना लाभले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या काळातील प्रयोगांना एक मोठी मर्यादा होती. धुराने उंदराच्या फुप्फुसाचे काय झाले, हे पाहण्यासाठी त्याला मारून काप काढावा लागे. एका प्राण्याकडून एकाच क्षणाचे चित्र मिळे. आता मायक्रो-सीटी यंत्राने भूल दिलेल्या जिवंत उंदराची छाती पुन्हा पुन्हा पाहता येते. महिनोन् महिने धूर दिलेल्या उंदरात वायुकोशांच्या भिंती विरत जातात, पोकळ्या रुंदावतात आणि चित्रात फुप्फुसाची घनता घटते. तोच प्राणी अनेक टप्प्यांवर तपासता येत असल्याने कमी प्राणी लागतात. तरीही अखेरची साक्ष देतो तो सूक्ष्मदर्शकाखालचा कापच, म्हणजे खानोलकरांचेच साधन.

या संशोधनाचा संबंध केवळ प्रयोगशाळांशी नाही. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांबाहेरील टपऱ्यांवर पाळी सुटताच विडी-सिगारेट पेटते, तंबाखू मळली जाते. कारखान्यातील धूळ आणि धूर यांची त्यात भर पडली, तर फुप्फुसांवरचा भार वाढतो. दम लागू लागेपर्यंत फुप्फुसाची बरीच हानी झालेली असते आणि विरलेले वायुकोश पुन्हा उभे करणारे औषध अद्याप नाही. धूम्रपान सोडले, तर पुढची झीज मंदावते. म्हणूनच रुग्णाला आधी त्याच्या सवयीविषयी विचारण्याचा खानोलकरांचा परिपाठ या औद्योगिक पट्ट्यातील प्रत्येक दवाखान्यात आजही तितकाच गरजेचा आहे.