एका पंगतीवरून पेटलेला वाद... संत पॉल यांच्यामुळे ख्रिस्ती धर्माचा विस्तार कसा झाला?

इसवी सन ३० च्या सुमारास जेरुसलेममध्ये येशू ख्रिस्त यांना क्रुसावर चढवण्यात आले, तेव्हा त्यांचे अनुयायी मूठभर होते आणि जवळपास सगळेच ज्यू होते. पुढच्या ३०-३५ वर्षांत सीरिया, आशिया मायनर, ग्रीस आणि थेट रोमपर्यंत ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या. हे काम एकट्याचे नव्हते. मात्र ज्यू नसलेल्यांसाठी या श्रद्धेचे दार उघडे राहावे म्हणून सर्वाधिक झगडले ते संत पॉल.

पॉल कोण होते?

मराठी बायबलमध्ये ‘पौल’ म्हणून ओळखले जाणारे पॉल मूळचे तार्ससचे. हे शहर आजच्या दक्षिण तुर्कस्तानात येते. त्यांचे ज्यू नाव शौल. ते परुशी, म्हणजे धर्मशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या पंथाचे. ग्रीक भाषा उत्तम आणि व्यवसाय तंबू बनवण्याचा. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकानुसार ते रोमन नागरिकही होते. सुरुवातीला त्यांनी ख्रिस्ताच्या अनुयायांचा छळ केला. पुढे दमास्कसच्या वाटेवर त्यांना ख्रिस्ताचे दर्शन झाले आणि आयुष्याची दिशाच बदलली, असे हे पुस्तक सांगते.

वाद नेमका काय होता?

सीरियातील अँटिओक शहरात ग्रीक लोकही या मंडळीत येऊ लागले. अनुयायांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पडले तेही इथेच. मग प्रश्न उभा राहिला, या नव्या लोकांनी सुंता करायची का? खाण्यापिण्याचे ज्यू नियम पाळायचे का? ज्यूंच्या दृष्टीने सुंता ही देवाशी झालेल्या कराराची खूण होती आणि ती जपण्यासाठी त्यांच्या पूर्वजांनी प्राण दिले होते. पॉल यांचे म्हणणे होते की, ख्रिस्तावरची श्रद्धा पुरेशी आहे.

इसवी सन ४८-४९ च्या सुमारास जेरुसलेममध्ये बैठक झाली आणि सुंतेची सक्ती नको, असे ठरले. तरीही वाद मिटला नाही. जेरुसलेमहून काही मंडळी आल्यावर अँटिओकमध्ये खुद्द पीटर यांनी ज्यू नसलेल्यांच्या पंगतीला बसणे सोडले. ज्येष्ठ शिष्याच्या या पंक्तिभेदावर पॉल यांनी सर्वांसमक्ष बोट ठेवले.

प्रसार कसा झाला?

रोमन रस्ते, समुद्रमार्ग आणि सर्वत्र समजणारी ग्रीक भाषा यांचा पॉल यांनी पुरेपूर उपयोग केला. फिलिप्पी, थेस्सलोनिका, कॉरिंथ, इफिसस अशी हमरस्त्यावरची आणि बंदरांची शहरे त्यांनी निवडली. ते बहुधा आधी ज्यूंच्या प्रार्थनास्थळी जात. तिथे ज्यू देवाबद्दल ओढ असलेले ग्रीकही भेटत. कॉरिंथमध्ये अक्विला आणि प्रिस्किला या तंबू बनवणाऱ्या दाम्पत्याकडे राहून त्यांनी दीड वर्ष काम केले. स्वतंत्र चर्च इमारती नव्हत्या, लोक घरोघरी जमत.

पॉल पुढच्या गावी गेले की मागच्यांशी संपर्क राही तो पत्रांतून. मराठी बायबलमधील ‘करिंथकरांस’, ‘गलतीकरांस’, ‘रोमकरांस’ ही त्यांचीच पत्रे. त्यांच्या नावावर १३ पत्रे आहेत. त्यांपैकी ७ निःसंशय त्यांची असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. ती चारही शुभवर्तमानांपेक्षा जुनी आहेत.

किंमत काय मोजली?

पाच वेळा फटके, तीन वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार आणि तीनदा जहाज फुटणे, ही यादी खुद्द पॉल यांनीच दिली आहे. जेरुसलेममधील गरिबांसाठी त्यांनी ग्रीक मंडळ्यांकडून निधी गोळा केला. तो घेऊन ते इसवी सन ५७ च्या सुमारास तिथे गेले. दोन्ही बाजू जोडून ठेवण्याचा हा प्रयत्न होता. पण मंदिराच्या आतल्या भागात परक्याला आणल्याचा आरोप झाला, जमाव उसळला आणि त्यांना अटक झाली. तिथे पाऊल टाकणाऱ्या परक्याला मृत्यूची ताकीद देणारा शिलालेख १८७१ मध्ये सापडला आहे. आरोप किती गंभीर होता, हे त्यावरून कळते.

पुढे काय झाले?

कैसरियात दोन वर्षे कैदेत काढल्यावर पॉल यांनी थेट सम्राटाकडे दाद मागितली. वाटेत माल्टाजवळ जहाज फुटले, तरी ते रोमला पोहोचले. तिथे त्यांच्याआधीच ख्रिस्ती मंडळी होती. सम्राट नीरोच्या काळात त्यांचा शिरच्छेद झाला, अशी परंपरा आहे.

इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि तिथल्या ख्रिस्ती मंडळीचे महत्त्व ओसरले. पण तोवर ही श्रद्धा एका शहरापुरती उरली नव्हती. इसवी सन ३१३ मध्ये रोमन साम्राज्याने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली, तेव्हा त्याचे बहुसंख्य अनुयायी ज्यू नव्हते. अँटिओकच्या पंगतीत ज्यांना वेगळे बसवले जात होते, त्यांचेच ते वारसदार होते.