कमला सोहोनी: बटाट्यातलं लोह आणि जीनचा स्विच

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएचा एकच कोड असतो. तरी डोळ्याची पेशी वेगळी वागते, लिव्हरची वेगळी. कारण कुठला जीन ऑन करायचा हे काही खास प्रोटीन्स ठरवतात, आणि त्यातली बरीच चक्क धातूच्या आधाराने उभी असतात. प्रोटीनमधल्या धातूवर आपल्या एका मराठी शास्त्रज्ञ बाईंनी फार आधी काम केलं होतं. त्यांची ही गोष्ट.

कमला भागवत यांचा जन्म १९११ चा, इंदूरचा. लेखिका दुर्गा भागवत त्यांची सख्खी बहीण. वडील आणि काका दोघेही केमिस्ट. १९३३ मध्ये बीएस्सी झाल्यावर त्यांनी बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. मार्क उत्तम होते, पण संचालक सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. कारण एकच, मुलगी! कमलाबाई गप्प बसल्या नाहीत, थेट समोर जाऊन जाब विचारला. शेवटी प्रवेश मिळाला, पण वर्षभर ट्रायलवर. त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि पुढच्या मुलींसाठी दार उघडलं.

मग केंब्रिज. तिथे बटाट्यावर काम करताना त्यांनी दाखवलं की सायटोक्रोम सी हे प्रोटीन वनस्पतींच्या पेशीतही असतं. त्याच्या मध्यभागी लोहाचा अणू असतो. तो इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढे देतो, आणि त्यातूनच पेशीला ऊर्जा मिळते. जेमतेम ४० पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली.

त्याच केंब्रिजमध्ये १९८५ साली ॲरन क्लुग यांच्या टीमने बेडकाच्या एका प्रोटीनमध्ये 'झिंक फिंगर' ओळखलं. साधारण ३० अमिनो ॲसिडचा तुकडा, त्यातली दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन मिळून जस्ताचा एक अणू पकडतात. क्लिप लावल्यासारखा तुकडा घट्ट दुमडतो, आणि त्याचं बोट डीएनएच्या खाचेत बसून साधारण तीन अक्षरं वाचतं. इथे लोह का नाही? लोह इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करतं, जस्त करत नाही. डीएनएजवळ असा शांत धातूच बरा.

कमलाबाई मात्र भारतात परतल्या. दिल्ली, कुन्नूर आणि १९४७ मध्ये लग्नानंतर मुंबई. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी नीरेवर संशोधन केलं. काशीदच्या रस्त्याला दिसतात तसल्या माडांचा, ताडांचा हा ताजा, न आंबलेला रस. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना तो उपयोगी पडतो हे त्यांनी दाखवलं, आणि त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कारही मिळाला. पुढे त्या त्याच संस्थेच्या संचालक झाल्या.

१९९८ मध्ये त्या गेल्या. ज्या मुलीला प्रवेशच नको म्हटलं होतं, तिने शेवटी एक अख्खी संस्था चालवली.