डॉ. ल्यूसी विल्स : मातांच्या रक्तक्षयाचा छडा लावणारी संशोधिका

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी आपल्याकडे म्हण आहे. माता आणि बालक यांच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे. मातेच्या शरीरात एखाद्या जीवनसत्त्वाचा तुटवडा असेल, तर तिच्या उदरात वाढणारे मूल जन्मापूर्वीच त्या तुटवड्याचे वाटेकरी होते. ही गोष्ट आज शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. परंतु शंभर वर्षांपूर्वी ती निष्णात वैद्यांनाही पुरती उमगली नव्हती. ती उमगण्यास ज्या थोड्या व्यक्तींचे परिश्रम कारणीभूत झाले, त्यांत डॉ. ल्यूसी विल्स या विदुषीचे स्थान फार वरचे आहे. तिच्या कार्याची मुख्य भूमी मुंबई नगरी होती. म्हणूनच तिचे चरित्र आम्ही आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ल्यूसीचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराजवळ सटन कोल्डफील्ड या गावी झाला. घराणे सुखवस्तू होते. वडिलांनी शास्त्र विषयाची पदवी घेतलेली असल्यामुळे निसर्गाकडे जिज्ञासेने पाहण्याची सवय तिला बालपणापासूनच लागली. चेल्टनहॅम येथील मुलींच्या प्रख्यात विद्यालयात शिक्षण घेऊन ती १९०७ मध्ये केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाली. तेथे तिने वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र या विषयांचा अभ्यास केला व १९११ मध्ये परीक्षा दिली. त्या वेळी केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना परीक्षेस बसू देत असे. पदवी मात्र देत नसे. स्त्रियांना तेथे पूर्ण पदवीचा अधिकार मिळण्यास १९४८ साल उजाडावे लागले.

त्याच सुमारास तिच्यावर एकामागून एक आघात झाले. १९११ मध्ये वडील वारले आणि दोनच वर्षांनी बहीणही गेली. मन रमविण्यासाठी तिने सिंहलद्वीप आणि दक्षिण आफ्रिका येथे प्रवास केला. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ती केपटाउनमध्ये होती. तेथील रुग्णालयात तिने काही काळ परिचारिकेचे काम केले. आपण वैद्यक शिकावे, हा तिचा निश्चय याच काळात झाला. १९१५ मध्ये मायदेशी परतल्यावर तिने लंडनच्या स्त्रियांसाठी असलेल्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश घेतला. आपल्या डॉ. रखमाबाई याच विद्यालयाच्या विद्यार्थिनी होत. १९२० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ल्यूसी विल्स डॉक्टर झाली. परंतु दवाखाना थाटून धनार्जन करण्याकडे तिचे मन वळले नाही. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयाशी संबंधित प्रयोगशाळेत गरोदर स्त्रियांच्या विकारांवर संशोधन करणे तिने पसंत केले.

हिंदुस्थानात त्या काळी गरोदर स्त्रियांमध्ये एक दारुण रक्तक्षय आढळत असे. अंग पांढरेफटक पडे, पायांवर सूज येई, चार पावले चालताच धाप लागे, आणि कित्येकींना प्रसूतीच्या आगेमागे मृत्यू गाठी. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता अशा रुग्णांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने वाजवीपेक्षा मोठ्या दिसत. म्हणजे हा केवळ लोहाच्या अभावाने होणारा रक्तक्षय नव्हता. कारण त्यात पेशी लहान होतात. मातांच्या मृत्यूची कारणे शोधण्यासाठी डॉ. मार्गारेट बॅलफोर यांच्या पुढाकाराने चौकशी सुरू झाली होती. तिच्यासाठी १९२८ मध्ये डॉ. विल्स मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या.

परळ म्हणजे गिरणगाव. आजूबाजूस कापडगिरण्यांचे भोंगे, चाळींच्या रांगा आणि एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारी कुटुंबे. डॉ. विल्स यांनी प्रयोगशाळेतील नळ्यांइतकेच या घरांतील चुलींकडेही लक्ष दिले. तळपदे या सहकाऱ्यासह त्यांनी मुंबईतील निरनिराळ्या थरांतील स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली व ती १९३० मध्ये प्रसिद्ध केली. ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट, त्यांच्यातच हा रोग अधिक, असे त्यांना आढळून आले. गरीब मुसलमान स्त्रियांची स्थिती तर सर्वांत वाईट होती. रोगाचे मूळ रोजच्या जेवणात असावे, हा तर्क त्यामुळे बळावला.

परंतु तर्क म्हणजे सिद्धांत नव्हे. डॉ. विल्स यांनी प्रथम उंदरांवर प्रयोग केले. त्यांना निकृष्ट अन्न देताच रक्तक्षय झाला खरा. पण पुढे असे निष्पन्न झाले, की उवांमार्फत पसरलेल्या एका जंतूचाही त्यात हात होता. हा पुरावा डळमळला, तरी त्यांनी धीर सोडला नाही. त्या वानरांकडे वळल्या. मुंबईतील गरिबांच्या जेवणासारखे अन्न वानरांना दिले असता त्यांच्या रक्तात त्याच मोठ्या पेशी दिसू लागल्या. आता प्रश्न उपायाचा होता. मार्माइट नावाचा एक स्वस्त खाद्यपदार्थ इंग्लंडात पावाला लावून खातात. बीअर तयार केल्यावर जे यीस्ट उरते, त्याच्या अर्कापासून तो बनवितात. हा काळसर, खारट पदार्थ दिल्यावर वानर झपाट्याने सुधारले. मग तोच रुग्ण स्त्रियांना चमचाचमचा दिवसातून काही वेळा देण्यात आला. थोड्याच दिवसांत रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या, भूक लागू लागली, आणि अंथरुणास खिळलेल्या स्त्रिया उठून बसल्या. १९३१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्या वेळी घातक रक्तक्षयावर यकृताचा उपाय ठाऊक झालेला होता. १९२६ मध्ये अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी तो दाखवून दिला होता. डॉ. विल्स यांच्या सूक्ष्म दृष्टीस मात्र एक विसंगती दिसली. यकृताचा साधा अर्क मुंबईच्या रुग्णांना लागू पडे. पण तोच अर्क अधिक शुद्ध केला, की घातक रक्तक्षयाला त्याचा गुण येई आणि या स्त्रियांना येत नसे. यावरून यकृतात एक नव्हे, दोन निरनिराळी द्रव्ये असली पाहिजेत, असे अनुमान निघाले. त्यांपैकी यीस्टमध्ये असणाऱ्या या अनोळखी द्रव्यास शास्त्रज्ञ पुढे विल्स घटक म्हणू लागले. १९३७ मध्ये पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने पाच दिवसांचा प्रवास करून त्या पुन्हा हिंदुस्थानात आल्या व हाफकिन संस्थेत त्यांनी हेच काम पुढे नेले.

त्या द्रव्याचा उलगडा इतरांनी केला. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक आम्ल वेगळे करण्यात आले. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. पुढे १९४५ च्या सुमारास ते कृत्रिम रीतीने तयार झाले. ज्या संशोधकगटाने हे साधले, त्याचे प्रमुख आंध्रचे सुपुत्र डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. दुसरे द्रव्य म्हणजे ब१२ जीवनसत्त्व. ते १९४८ मध्ये हाती आले. ही दोन द्रव्ये ओळखून वेगळी ठेवणे फार महत्त्वाचे ठरले. ब१२ ची उणीव असताना केवळ फॉलिक आम्ल दिले, तर रक्त सुधारलेले दिसते. पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते.

१९४७ मध्ये रॉयल फ्री रुग्णालयातून निवृत्त झाल्यावरही डॉ. विल्स स्वस्थ बसल्या नाहीत. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका येथे जाऊन त्यांनी आहार आणि रक्तक्षय यांचे निरीक्षण केले. लंडनच्या चेल्सी भागात नगरसेविका म्हणून लोकसेवा केली. त्या अविवाहित राहिल्या. गिर्यारोहण, बर्फावरील भ्रमंती आणि सायकल यांची त्यांना आवड होती. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे त्यांच्या शोधाचे नवे फळ दिसून आले. गर्भाच्या मेंदूचा व मज्जारज्जूचा मूळ नळीसारखा भाग गर्भधारणेनंतर सुमारे अठ्ठावीस दिवसांत मिटतो. त्या वेळी मातेस पुरेसे फॉलिक आम्ल मिळाले, तर नळी उघडी राहण्याचे व्यंग बहुतांशी टळते, हे १९९१ मध्ये सात देशांत झालेल्या चाचणीने सिद्ध झाले. आपल्या देशात गरोदर स्त्रियांना लोह आणि फॉलिक आम्ल यांच्या गोळ्या देण्याची योजना १९७० पासून आहे; आज त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते.

ब१२ ची कथा मात्र अजून अपुरी आहे. १९६२ मध्ये वेल्लोरच्या डॉ. जाधव व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बालकांचे वर्णन प्रसिद्ध केले, की जी मातेच्या दुधावर वाढत असूनही निस्तेज होत, हसणे-बसणे विसरत आणि ज्यांची त्वचा काळवंडे. मातांच्या दुधातच ब१२ अपुरे होते. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. दूध, अंडी, मांस, मासे यांतून मिळते. दूधही पुरेसे न मिळणाऱ्या शाकाहारी मातेस म्हणूनच विशेष जपावे लागते. नवजात बालकाच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब कागदावर घेऊन जन्मजात विकार हुडकण्याची पद्धत १९६० नंतर अमेरिकेतील रॉबर्ट गथ्री यांनी रूढ केली. आता त्याच थेंबांतून ब१२ च्या अभावी शरीरात साचणारी द्रव्ये मोजता येतात, आणि जर्मनीतील हायडेलबर्ग येथे तशी तपासणी करण्यात आली आहे. उणीव वेळीच समजली, तर औषध सोपे आणि स्वस्त आहे. उशीर झाला, तर मेंदूची झालेली हानी सर्वस्वी भरून येईलच असे नाही. शिवाय बालकाच्या रक्ताने मातेचीही उणीव उघड होते, आणि दोघांवर एकदमच उपचार करता येतात.

डॉ. विल्स यांना मोठी पारितोषिके लाभली नाहीत, आणि ज्या गिरणगावातील स्त्रियांमुळे हा शोध लागला, त्यांची नावे तर कोठेच नोंदलेली नाहीत. आमच्या विद्यार्थिनींपैकी कोणी पुढे वैद्यक शिकल्या, तर त्यांनी रुग्ण स्त्रीची नाडी पाहताना ती काय जेवते आणि घरात सर्वांच्या मागून जेवते काय, हेही आवर्जून विचारावे. आणि आमच्या वाचक कुटुंबांस इतकीच विनंती, की तो प्रश्न आपल्या घरातील गरोदर लेकीसुनांना आजच विचारावा.