कर्करोगाची वाट सवयींत शोधणारे डॉ. खानोलकर

सातारा-सांगलीकडच्या खेड्यांत तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री रोज हिरड्यांना लावणाऱ्या स्त्रिया आजही भेटतात. शेतावर विडी आणि चुना लावून मळलेली तंबाखू तर चालतेच. अशा अंगवळणी पडलेल्या सवयींत कर्करोगाचे कारण शोधायला भारतीय वैद्यकाला ज्यांनी शिकवले, त्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर अग्रणी होते.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्रात एम.डी. होऊन ते परतले आणि मुंबईच्या ग्रँट व शेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी अध्यापन केले. १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

सूक्ष्मदर्शकाखाली गाठीचा तुकडा पाहून निदान सांगणे, एवढ्यावर ते थांबले नाहीत. रुग्ण कोणत्या समाजाचा, काय खातो, काय नेसतो, तंबाखू कशी घेतो, याची ते नोंद ठेवत. धोतराची गाठ वर्षानुवर्षे घासली जाते तिथे कमरेच्या त्वचेला होणारा कर्करोग आणि खैनी ओठाआड ठेवणाऱ्यांच्या ओठाला होणारा कर्करोग त्यांनी १९४५ मध्ये जगापुढे मांडला. एकाच मुंबईत राहणाऱ्या निरनिराळ्या समाजांत कर्करोगाची जागा वेगळी का, हाही त्यांचा प्रश्न होता. धूम्रपान वर्ज्य मानणाऱ्या पारशांत तोंडाचा कर्करोग कमी आढळे. १९५५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह तोंडापासून अन्ननलिकेपर्यंतच्या कर्करोगांचा तंबाखूशी असलेला संबंध प्रसिद्ध केला. तंबाखू चघळणाऱ्यांना धोका मुख्यतः तोंडात, तर ओढणाऱ्यांना जिभेच्या मुळाशी व घशाकडे, असे त्यातून दिसले.

डीएनएची रचना तेव्हा नुकतीच, १९५३ मध्ये, उलगडली होती. पेशीत नेमके काय बिघडते, हे पुढच्या पिढ्यांनी शोधले. तंबाखूतली घातक रसायने पेशींच्या डीएनएवर आघात करतात. बिघडलेल्या पेशीला आवर घालणारे ‘टीपी ५३’ हे जनुक अन्ननलिकेच्या कर्करोगात बहुधा निकामी झालेले आढळते. कोणते जनुक किती काम करते, याला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. अनेक रुग्णांत वाढीचा इशारा देणारे ‘ईजीएफआर’ जनुक गरजेपेक्षा जास्त काम करते, तर पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन कमी पडते. मग पेशी सुटतात, गाठ अन्ननलिकेच्या भिंतीत खोल शिरते आणि रोग पसरतो.

१९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे खानोलकर पहिले संचालक होते. त्यांनी तरुण संशोधकांची फळी उभी केली, डॉ. कमल रणदिवे त्यांपैकीच. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूपद आणि पद्मभूषण हा सन्मानही त्यांना लाभला. त्यांनी कुष्ठरोगावरही मोलाचे काम केले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

जनुकांचा बिघाड डोळ्यांना दिसत नाही, पण त्याला आमंत्रण देणारी सवय दिसते आणि ती सोडता येते. खानोलकरांच्या कामाचा हाच धडा आहे. अन्ननलिकेच्या कर्करोगात आधी भाकरीचा घास छातीत अडकल्यासारखा वाटतो, पुढे पातळ पेज आणि शेवटी पाणीही उतरेनासे होते. तोवर बराच उशीर झालेला असतो. म्हणून घास अडकू लागला, वजन उतरू लागले, तर पित्त म्हणून अंगावर काढू नये. दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. आणि मिश्रीची डबी व विडीचे बंडल त्याआधीच घराबाहेर जावे.