एका माफीनाम्यामुळे गोखले बदनाम झाले, पण प्लेगच्या कामातून पुन्हा उभे राहिले

गांधीजींचे राजकीय गुरू म्हणून गोपाळ कृष्ण गोखले आपल्याला शाळेपासून माहीत असतात. पण वयाच्या ३१व्या वर्षी याच गोखल्यांना पुण्यात तोंड दाखवणं अवघड झालं होतं.

गोष्ट आहे १८९७ सालची. फर्ग्युसन कॉलेजात शिकवणारे गोखले वेल्बी कमिशनसमोर साक्ष द्यायला लंडनला गेले होते. भारताच्या तिजोरीतला पैसा सरकार कसा खर्च करतं, याची चौकशी हे कमिशन करत होतं.

इकडे पुण्यात प्लेगने थैमान घातलं होतं. प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याने घरं तपासायला गोरे सोल्जर लावले. ते घरात घुसून त्रास देतात, अशी शहरभर ओरड होती. मित्रांनी गोखल्यांना पत्रं लिहिली. सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यातल्या एकीने जीव दिला, असं त्यांना कळवण्यात आलं. गोखल्यांनी विश्वास ठेवला आणि हा आरोप इंग्लंडमध्ये जाहीरपणे मांडला. तिकडे एकच खळबळ उडाली.

त्यातच २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. सरकारने धरपकड सुरू केली. नातू बंधूंना खटल्याशिवाय डांबलं, टिळकांना राजद्रोहाखाली अटक झाली. अशा वेळी गोखले परतले. सरकार पुरावा मागत होतं आणि आरोप सिद्ध करायला कुणीच पुढे येत नव्हतं.

पत्रं लिहिणाऱ्यांची नावं सांगितली असती तर ते गोत्यात आले असते. गोखल्यांनी नावं सांगितली नाहीत. ऑगस्टमध्ये त्यांनी आरोप मागे घेतला आणि गव्हर्नरची व सोल्जरांची जाहीर माफी मागितली.

लोक चिडले. एकीकडे टिळक तुरुंगात गेले आणि दुसरीकडे गोखल्यांनी माफी मागितली, ही तुलना होणारच होती. त्या वर्षाअखेरीस अमरावतीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तिथेही त्यांच्याबद्दल नाराजी होती.

गोखल्यांनी यावर वाद घातला नाही. पुण्यात प्लेग पुन्हा उसळला तेव्हा ते स्वयंसेवक म्हणून कामाला लागले. ज्या साथीमुळे नाव गेलं, त्याच साथीत ते लोकांच्या दारी गेले.

हळूहळू विश्वास परत आला. १८९९ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून गेले आणि तिथून व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात. १९०२ च्या बजेटवर बोलताना त्यांनी सरकारलाच आकड्यांचा हिशेब मागितला आणि गरिबाला जाचणाऱ्या मिठाच्या करावर बोट ठेवलं. पुरावा हाताशी नसताना बोलल्याची किंमत मोजलेला हा माणूस आता अभ्यासाशिवाय शब्द काढत नव्हता. पुढच्याच वर्षी मिठाचा कर कमी झाला.

१२ जून १९०५ ला त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज सुरू केला. तुटपुंज्या मानधनावर आयुष्यभर देशसेवा करायची, ही सदस्यांची शपथ होती. आदिवासींसाठी झिजलेले ठक्कर बाप्पा याच संस्थेतले. १९११ मध्ये गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. ते फेटाळलं गेलं, पण मागणी मागे पडली नाही.

१९१४ मध्ये त्यांनी 'सर' हा किताब नाकारला. १९ फेब्रुवारी १९१५ ला, अवघ्या ४८व्या वर्षी ते गेले. माफीचा डाग पुसायला त्यांनी कधी खुलाशांची मोहीम काढली नाही. आज लोकांना ते आठवतात, ते नंतरच्या १७ वर्षांच्या कामामुळे.